काळी पेटी बोलत नाही

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या उन्हाळ्यात पुंडलिकनगरात नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं, आणि ते आलं की अनंतराव पाथ्रीकर गच्चीवर जाऊन उभे राहायचे. पाणी भरायला नव्हे, ते काम त्यांच्या पत्नी दमयंतीबाई करत. अनंतराव लोकांच्या टाक्या बघत. समोरच्या बंगल्यातले गृहस्थ रोज सकाळी फाटकाशी उभे राहून घरात थेंब नसल्याचं सांगायचे आणि त्यांचा मोगरा मात्र दुष्काळाची खबर नसल्यासारखा फुललेला. शेजारच्या बाईंकडं बादलीभर मागायला गेलं तर त्या दार अर्धंच उघडायच्या, कारण पुरतं उघडलं असतं तर मागची निळी पिंपं दिसली असती. कोण किती दडवून बसलंय हे अनंतरावांना न विचारता कळे, आणि त्याचा त्यांना रागही येत नसे. असेल त्याच्या निम्मं सांगावं, हा त्यांचाही शिरस्ता होता. त्यांच्या स्वतःच्या जिन्याखाली दोन पिंपं होती आणि त्यांवर पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेली जुनी सतरंजी.

हाच शिरस्ता ते ऑफिसातही पाळत.

ऑफिस पैठण रोडला, चितेगावात. जमिनीचे आणि पाण्याचे नकाशे तयार करणारी कंपनी. उपग्रहाची चित्रं, ड्रोनची चित्रं, विहिरींच्या मोजण्या असं सगळं एकत्र करून कुठं पाणी मुरतं आणि कुठं बोअर घेणं म्हणजे धूळ उडवणं आहे, हे ही मंडळी सांगत. शहर बीड बायपास ओलांडून जवळच्या सातारा गावच्या डोंगराला टेकायला निघालेलं, त्यामुळं नव्या इमारतीवाल्यांचीही कामं येत. ही चित्रं भलती जड. ती ठेवायला आत एका थंडगार खोलीत डिस्कांनी भरलेल्या तीन मोठ्या पेट्या होत्या. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांपासून काचेच्या तारा निघून मधल्या एका स्विचमध्ये यायच्या आणि तिथून पेट्यांमध्ये जायच्या. त्या खोलीची किल्ली अनंतरावांच्या पँटच्या खिशात.

तीन पेट्या तीन घराण्यांतल्या. कंपनी वाढेल तशी एकेक आणलेली, दर वेळी वेगळ्या मेकची, कारण दर वेळी विकणारा वेगळा होता आणि प्रत्येकजण आधीच्याला नावं ठेवत होता. तिघींचे प्रोग्रॅम वेगळे, तिघींची भाषा वेगळी. एकीचा पिवळा दिवा म्हणजे सगळं ठीक, दुसरीचा पिवळा दिवा म्हणजे डिस्क मरायला टेकली. एक भरलेली जागा सांगायची, दुसरी उरलेली, आणि तिसरी, ती मोठी काळी, टक्क्यांत काहीतरी सांगायची ज्याचा अर्थ फक्त अनंतरावांना लागायचा. कुठल्याही विभागाला चित्रं ठेवायला जागा हवी असली की त्यांच्याकडंच यावं लागे.

आला की अनंतराव आधी चष्मा काढत. मग पुसत. मग म्हणत, "जागा नाही."

समोरचा बसून राही. इकडचं तिकडचं बोलणं होई. दोन दिवसांनी अनंतराव त्याला बोलावून घेत आणि कुठून तरी काढून थोडी देत. घेणारा पाया पडायचा तेवढा राहायचा. ही जागा 'कुठून तरी' निघत नव्हती. काळ्या पेटीत त्यांनी जवळजवळ तिसरा हिस्सा दाबून ठेवला होता. खोट्या नावांचे कप्पे केलेले होते: 'खुलताबाद जुने', 'वेरूळ चाचणी', 'कन्नड घाट तात्पुरते'. त्यांत काहीबाही भरून ठेवलं होतं, म्हणजे पेटी भरलेली दिसावी. याला कारणही होतं. फार मागं एकदा दोन डिस्का एकदम गेल्या, राखीव काहीच नव्हतं, आणि सगळ्यांसमोर त्यांना ऐकून घ्यावं लागलं होतं. त्यानंतर त्यांनी राखीव ठेवायला सुरुवात केली. पुढं राखीव वाढत गेलं आणि कारण मागं पडत गेलं. ज्याच्याकडं काही नसतं त्याला कोण नमस्कार करतो, हे त्यांनी पुंडलिकनगरातही पाहिलेलं होतं आणि चितेगावातही.

चैत्र संपता संपता कंपनीचे मालक विश्वजित यांनी सगळ्यांना बोलावलं. आठ जिल्ह्यांच्या भूजलाचं मोठं काम मिळत होतं. पण चित्रं ह्याच उन्हाळ्यातली हवी होती. जमीन पुरती कोरडी असताना ती कशी दिसते, हे टिपून ठेवायचं. पाऊस पडला की मग हा चेहरा वर्षभर दिसणार नाही. म्हणजे नव्या पेट्या मागवून येईपर्यंत थांबायला सवड नव्हती. आहे त्यात बसलं तर काम इथं. नाही बसलं तर पुण्याचे भागीदार अमेय यांच्याकडं मोठी खोली तयारच होती.

"मग इथली खोली बंद करून तिन्ही पेट्या पुण्याला हलवू," विश्वजित म्हणाले. "अमेय शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी येतोय. त्याच दिवशी काय ते ठरवू. अनंतराव, किती जागा निघेल?"

अनंतरावांनी चष्मा काढला. "साहेब, जागा नाही."

सवयीनं गेलं तोंडातून. आणि मनात हिशेबही पक्का होता. आत्ता नाही म्हणायचं, गुरुवारी कप्पे रिकामे करायचे आणि शुक्रवारी अमेयच्या देखत जागा काढून दाखवायची. आयुष्यभर त्यांनी असंच केलं होतं, ह्या वेळी फक्त माप मोठं होतं. खोली पुण्याला गेली तर सत्तावन्नाव्या वर्षी आपण कुठं जाणार, हे त्यांना नीट माहीत होतं: गच्चीवर, टाक्या बघायला.

पण विश्वजितांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तिन्ही पेट्यांची खरी स्थिती एकाच पडद्यावर दिसावी म्हणून त्यांनी सहा महिन्यांच्या करारावर एक मुलगी नेमली होती. प्रेरणा गाडेकर. ती उद्यापासून येणार होती.

प्रेरणा फुलंब्रीजवळच्या खेड्यातून यायची. आधी बसनं शहरात, मग दुसऱ्या बसनं चितेगावला. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, दप्तरात दोन बाटल्या पाणी, कारण ऑफिसातल्या कूलरचा तिला भरवसा नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं अनंतरावांना विचारलं, सर, तुमच्या खोलीत मी कुठं बसू म्हणजे तुम्हाला अडचण नाय होणार. हा प्रश्न अनंतरावांना आवडला, म्हणून त्यांनी तिला दाराजवळची, सगळ्यात गरम जागा दिली.

तिनं काम समजावून सांगितलं. सगळ्या मेकवाल्या कंपन्यांनी मिळून एक नमुना ठरवलाय. प्रत्येक पेटीच्या वतीनं उत्तर देणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. आपला पडदा नेटवर्कवर एकदा हाक मारतो आणि ज्याला ज्याला तो नमुना येतो तो आपलं नाव, एकूण जागा, भरलेली जागा, तब्येत, सगळं एकाच भाषेत सांगतो. मेक कुठलाही असो.

"म्हणजे शिरगणती," अनंतराव म्हणाले.

"व्हय सर. फक्त दारोदार फिरावं लागत नाय."

अनंतराव हसले आणि त्याच दुपारी, ती डबा खायला गेल्यावर, काळ्या पेटीचा उत्तर देणारा प्रोग्रॅम बंद करून आले. लहान पेटीत आणि मधल्या पेटीत लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांना बोलू दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रेरणानं हाक मारली. पडद्यावर लहान पेटी हिरवी होऊन उगवली, मागोमाग मधली. नाव, जागा, कुठली डिस्क थकली आहे, सगळं. ह्या दोघी कधी एकाच पडद्यावर शेजारी बसतील असं कुणाला वाटलं नव्हतं. नकाशे विभागाचा सोमनाथ मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, क्या बात है, सासू-सुना एका ताटात. काळी मात्र आली नाही.

अनंतराव म्हणाले, ती जुनी आहे, तिला असले नवे नमुने समजत नाहीत.

प्रेरणा बरं म्हणाली. मग तिनं हाक स्विचला मारली. आणि इथं अनंतरावांचा हिशेब चुकला. पेट्यांचं तोंड बंद करता येतं हे त्यांनी पाहिलं होतं, पण सगळ्या तारा ज्याच्यातून जातात त्या स्विचकडं त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. स्विचला दारावरच्या माणसासारखं सगळं ठाऊक. कुठल्या भोकात कोण येऊन बसलंय, हे तो नंबरासकट सांगतो, आणि नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून मेकही कळतो. पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकोन उमटला. खाली मेकचं नाव. त्याखाली: बाकी माहिती उपलब्ध नाही.

"आडनाव कळलं," प्रेरणा म्हणाली. "नाव सांगत नाय."

तो राखाडी चौकोन दिवसभर पडद्यावर राहिला. येणाराजाणारा विचारायचा, हे काय. अनंतराव म्हणायचे, जुनी आहे. चार-पाच जणांना सांगून झाल्यावर त्यांना आपलाच आवाज समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांसारखा वाटायला लागला, मोगऱ्याशेजारी उभं राहून थेंब नाही म्हणणारा. त्यांनी तो विचार झटकला. गुरुवार यायला अजून वेळ होता.

तरी अमेय येणार त्या आठवड्याच्या सोमवारीच ते काळ्या पेटीचा स्वतःचा प्रोग्रॅम उघडून बसले. कुठले कप्पे पुसायचे ते मनाशी ठरवून ठेवावं म्हणून. यादी लांबलचक निघाली. खुलताबाद जुने, वेरूळ चाचणी, कन्नड घाट, सोयगाव ड्रोन, सिल्लोड नमुना, पैठण डावा कालवा जुने. पैठण डावा कालवा आधी पुसावा म्हणून हात नेला आणि थांबला.

अडचण अशी होती. गेल्या काही वर्षांत दोन दिवसांनी बोलावून 'कुठून तरी' दिलेली जागा त्यांनी ह्याच खोट्या कप्प्यांतून दिली होती. नवा कप्पा केला असता तर जागा आहे हे दिसलं असतं. म्हणून खोट्याच नावाचा एखादा मोकळा करून ते घेणाऱ्याला जोडून देत. नाव तसंच राही. कुणाला कुठला दिला हे कुठंही नोंदलेलं नव्हतं, कारण नोंदलं की सापडतं. डोक्यात होतं. आणि आता डोक्यात बघितलं तर तिथं नुसतीच माणसं नमस्कार करत उभी होती, कप्पे दिसत नव्हते.

प्रत्येक कप्प्यापुढं सोळा अक्षरांचा एक नंबर होता, म्हणजे कॉम्प्युटरात जिथं काचेची तार लागते त्या कुठल्या कार्डाला तो जोडलाय ते. खोटे कप्पेही त्यांनी तसेच जुन्या कार्डांना जोडून ठेवले होते, वापरात आहेत असं वाटावं म्हणून. आता खरा कुठला आणि खोटा कुठला हे एकट्या काळ्या पेटीला सांगता येत नव्हतं. त्या नंबराचं कार्ड आज कुठल्या तारेच्या टोकाला आहे हे स्विचला माहीत. ते कार्ड कुणाच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये आहे हे त्या कॉम्प्युटरला माहीत. तिघांनी एका भाषेत बोलल्याशिवाय हे जुळणार नव्हतं, आणि तिघांना एका भाषेत बोलवणारी मुलगी दाराजवळ गरम हवेत बसली होती.

म्हणजे दोनच वाटा उरल्या. डोळे मिटून पुसायचं आणि कुणाचं तरी खरं काम कायमचं घालवायचं. नाहीतर काळ्या पेटीला बोलू द्यायचं आणि आपण काय करत आलो ते ऑफिसभर दिसू द्यायचं. तिसरी वाट, गप्प बसायचं, ती पुण्याला जात होती.

त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं. दमयंतीबाईंनी विचारलं. त्यांनी पेट्यांबद्दल काहीतरी अर्धंमुर्धं सांगितलं. दमयंतीबाई म्हणाल्या, काल शेजारच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं की तुमच्या जिन्याखाली दोन पिंपं आहेत ना, एक द्या, आमच्याकडं बारसं आहे. सतरंजी टाकून इतकी वर्षं झाकलं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"मग?" अनंतरावांनी विचारलं.

"दिलं. आणि त्यांच्या निळ्या पिंपांतलं एक पुढच्या आठवड्यात आपल्याला येणार आहे. मी मोजलीत, त्यांची पाच आहेत."

मंगळवारी दुपारी वीज गेली, जनरेटर फक्त आतल्या खोलीपुरता, तेव्हा सगळे कंपनीच्या मागं लिंबाखाली जाऊन बसले. प्रेरणा अनंतरावांच्या शेजारी येऊन बसली. राखाडी चौकोनाचा विषय तिनं काढला नाही. अनंतरावांनीच विचारलं, सगळ्या मेकवाल्यांनी एकच नमुना मान्य केला तो कसा काय, कुणीही आपलं माप सोडून दुसऱ्याचं का घेईल.

ती म्हणाली, आमच्या गावातही आधी प्रत्येकाचं माप वेगळं होतं. विहिरीतलं पाणी परसात मोजायचे. परस म्हणजे माणसानं हात वर केले की जेवढी उंची होते तेवढी. आता माणूस कुणाचा धरायचा? तिचा चुलता कडुबा ताडमाड उंच, तो चार परस पाणी म्हणायचा. शेजारचा बुटका, तो पाच परस म्हणायचा, आणि पाणी कडुबाच्या विहिरीत जास्त. त्यात दुष्काळ पडला की प्रत्येकजण एक परस पोटात ठेवून सांगणार. टँकर कुठल्या वस्तीला हवा तेच कळेना. शेवटी गावानं एकच दोर केला, खाली लोखंडी वजन, सारख्या अंतरावर गाठी. आणि नियम असा की आपल्या विहिरीत दोर आपण सोडायचा नाही, शेजाऱ्यानं सोडायचा.

"सगळ्यात जास्त कुणाचं निघालं?"

"कडुबाकाकाचं. उन्हाळाभर चडफडत होता. गावच्या जनावरांची हौदी त्याच्याच विहिरीवर बांधली ना."

अनंतरावांना कडुबा लगेच समजला. "म्हणजे फुकट गेला बिचारा."

"नाय सर. आधी त्याच्याशी गावात कोण बोलत नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं हा लपवतो म्हणून. आता मोटर कवा चालू करायची ते त्यालाच विचारतात. चावी त्याच्याकडंच हाय."

 मग अनंतरावांनी खरा प्रश्न विचारला. "आणि स्वतःसाठी त्यानं काय ठेवलं?"

"मोसंबीपुरतं. सगळ्यांच्या देखत गाठ दाखवली, ह्याच्या खाली पाणी गेलं की मोटर बंद. तवापासनं ते कोणी मागत नाय."

मग तिनं आवाज खाली आणला. "सर, एक विचारू? रागवायचं नाय. काळ्या पेटीच्या तारेवरनं जाणारं येणारं मी स्विचवर बघितलं. काठोकाठ भरलेली पेटी हाय, पण पाणी शेंदायला लई थोडी माणसं येतात. असं कसं?"

तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं. आणि तिनं विश्वजितना सांगितलं नव्हतं. अनंतरावांनी आयुष्यात अनेकांना दोन दिवस बसवून ठेवलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना बसवून ठेवलं होतं, आणि तेही सावलीत.

त्यांनी विचारलं, "तुझा करार सहा महिन्यांचाच ना? मी चालू केलीच नाही तर तू काय दाखवशील शुक्रवारी?"

"राखाडी चौकोन," ती म्हणाली. "आणि मग खोली पुण्याला, मी फुलंब्रीला. पण तुमची पेटी तुम्हीच उघडायची सर. दोर मी सोडीन."

वीज आली. अनंतराव उठले, खोलीत गेले आणि काळ्या पेटीचा उत्तर देणारा प्रोग्रॅम चालू केला. चालू करताना त्यांनी चष्मा काढला नाही.

प्रेरणानं हाक मारली. राखाडी चौकोन काही क्षण तसाच राहिला, मग हिरवा झाला आणि आतून कप्पे ओळीनं बाहेर यायला लागले. ह्या वेळी नंबरांच्या पुढं नावं होती. पेटी कप्पा सांगत होती, स्विच तार सांगत होता, कॉम्प्युटर आपलं कार्ड ओळखत होते, आणि पडदा तिघांचं जुळवून देत होता. खुलताबाद जुने: कुणी नाही. वेरूळ चाचणी: कुणी नाही. कन्नड घाट तात्पुरते: कुणी नाही. अशी 'कुणी नाही'ची रांग लागली आणि प्रेरणानं एकदाही मान वळवून अनंतरावांकडं बघितलं नाही, याबद्दल ते तिचे कायमचे ऋणी झाले.

मग आला पैठण डावा कालवा जुने. पुढं नाव: सोमनाथ, नकाशे विभाग.

सोमनाथला बोलावलं. त्यानं उघडून दाखवलं. बहात्तरच्या दुष्काळात कुणीतरी गावोगाव फिरून काढलेले विहिरींचे कागदी नकाशे, रद्दीत निघाले होते, ते त्यानं एकेक करून स्कॅन करून ठेवलेले. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण जागा अनंतरावांनी गुपचूप दिलेली. नव्या कामात तेव्हाच्या विहिरी आणि आत्ताच्या विहिरी शेजारी ठेवून बघणं हाच तर मुद्दा होता. अनंतराव खुर्चीवर बसले. सोमवारी त्यांनी पुसण्यासाठी जे मनाशी ठरवलं होतं, त्यात हा कप्पा पहिला होता, कारण पैठणचं काम कंपनीनं कधी केलंच नव्हतं हे त्यांना पक्कं आठवत होतं.

सोयगाव ड्रोन निघाला हिशेब विभागातल्या आवडाबाईंचा. त्यात त्यांच्या भजनी मंडळाच्या ध्वनिफिती. आणि सिल्लोड नमुना. त्यापुढचं नाव वाचून सोमनाथ खोकल्याचा बहाणा करून बाहेर गेला. तो कप्पा विश्वजितांच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. मेव्हण्याचं लग्न, साखरपुड्यापासून मांडवपरतणीपर्यंत, चार कॅमेऱ्यांनी. तेव्हा विश्वजितही अनंतरावांसमोर येऊन बसले होते आणि दोन दिवसांनी त्यांनाही 'कुठून तरी' मिळाली होती, हे आता अनंतरावांना स्वच्छ आठवलं.

प्रेरणानं विचारलं, सर, ही नावं बदलायची का शुक्रवारच्या आधी.

अनंतरावांनी विचार केला. "खोटे कप्पे पुसून टाक. खऱ्यांची नावं खरी कर. सिल्लोड नमुना मात्र तसाच राहू दे. ते साहेबांचं आहे, त्यांना न विचारता हात लावणं बरं दिसत नाही."

शुक्रवारी अमेय आले. पांढरा शर्ट, हातात पाण्याची बंद बाटली. विश्वजित, अमेय, सोमनाथ, सगळे पडद्यासमोर उभे राहिले. तीन पेट्या, तिन्ही हिरव्या, एकाच मापात. मोकळी जागा मोठ्या आकड्यात वर लिहिलेली, आणि आठ जिल्हे मावून उरतील एवढी.

विश्वजितांच्या कपाळावर आठी आली. "अनंतराव, तुम्ही तर म्हणाला होतात जागा नाही. मग ही इतकी कुठं होती?"

 अनंतराव बोलायला उभे राहिले, खरं तेच सांगायचं ठरवून. पण तोवर विश्वजितांची नजर यादीवरून खाली घसरत गेली होती. ती सिल्लोड नमुन्यापाशी थांबली, शेजारी स्वतःचं नाव वाचलं, आणि त्यांनी अमेयच्या हातातली बाटली मागून घेऊन दोन घोट पाणी प्यायलं.

"अनंतरावांनी राखून ठेवली होती," विश्वजित अमेयना म्हणाले. "म्हणून आज आहे."

"राखून म्हणजे?" अमेयनी विचारलं.

तेव्हा अनंतरावांनी सांगितलंच. किती ठेवली होती, खोट्या नावांनी ठेवली होती, आणि का. त्या दोन डिस्कांची जुनी गोष्टही सांगितली. मग म्हणाले, "सगळी दिली. पण एक मागणं आहे. ह्यातला दहावा हिस्सा राखीव म्हणून पडद्यावरच लिहायचा, सगळ्यांना दिसेल असा. डिस्क मेली तरच वापरायचा. साहेबांनाही द्यायचा नाही."

प्रेरणानं सांगितलं की नमुन्यात राखीव डिस्कांसाठी रकाना आहेच, आजवर कुणी भरला नव्हता एवढंच. अमेयनी मान डोलावली. खोली इथंच राहील असं ठरलं. प्रेरणाचा करार पक्क्या नोकरीत बदलायचं ठरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की मग दाराजवळची जागा बदलून द्या, लई गरम होतं. अनंतरावांनी आपल्या शेजारचं टेबल मोकळं करून दिलं.

वैशाखाच्या ऐन उन्हात चित्रं यायला लागली. फुलंब्री तालुक्याची पहिल्या खेपेत आली. भाजलेली, तांबडी जमीन, मधूनमधून विहिरींचे काळे ठिपके. सोमनाथनं बहात्तरचा नकाशा बाजूला ठेवला. प्रेरणाच्या गावच्या ओढ्याच्या काठानं दोन्हीकडं ठिपके जुळत होते. चव्वेचाळीस वर्षांत कितीतरी दुष्काळ पडले तरी तिथलं पाणी हललं नव्हतं. प्रेरणा पडद्याला नाक लावून बघत राहिली, मग तिनं गावाकडं फोन लावला आणि कडुबाकाकाला सांगितलं की ओढ्याच्या वरच्या अंगाला बांध घाला, पाऊस पडायच्या आधी, पाणी मुरायला तीच जागा हाय. पलीकडून काकानं विचारलं असावं की तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, आमच्या सरांच्या पेटीतून निघालंय.

आठवड्याभरानं अमेयचा फोन आला, थेट अनंतरावांना. पुण्याच्या खोलीतही असाच एक पडदा लावायचा होता. प्रेरणाला पाठवा म्हणाले, आणि जरा अडखळून पुढं म्हणाले, तुम्हीही याल का तिच्यासोबत. काही पेट्या बोलत नाहीत. सांभाळणारे म्हणतात, जुन्या आहेत, भरल्या आहेत.

अनंतरावांनी खुर्ची मागं रेलली. "अमेयसाहेब, एक सांगा. त्या सांभाळणाऱ्यांकडं बाकीच्या विभागातली माणसं येतात, तेव्हा चहा कोण पाजतो?"

 अमेय बहुधा आठवत होते. "येणारेच पाजतात."

"मग जागा आहे," अनंतराव म्हणाले. "आम्ही सोमवारी निघतो. तोवर त्यांना काही बोलू नका, फक्त एकदा त्यांचं काय राखून ठेवायचंय ते विचारा. तेवढी गरज खरी असते."